नाक्यावरचं कल्याण

नोकरीत काय केलंत, असं कुणी विचारलं की मी सांगते, ‘सुरतेत माणसं उभी केली.’ ऐकणाऱ्याला वाटतं, बाईंनी पुष्कळांचे संसार सावरलेले दिसतात. छे हो! खरोखरीच उभी केली. दोन पायांवर, छपराखाली, सकाळच्या वेळी. आणि त्यातली एक बाई अशी उभी राहिली, की ती आठवली की अजून माझ्या हातातला चहा गार होतो. तिच्याबद्दल लिहायचं म्हणून तर हा कागद पुढे ओढलाय, बाकीचं सगळं तिच्यापर्यंत पोचायला.

माझे वडील सुरतेतल्या मराठी शाळेत मास्तर होते. घरात मराठी, गल्लीत गुजराती, अशी मी वाढले आणि शहराच्या समाजविकास खात्यात चिकटले. बालवाड्या काढायच्या, वस्त्यांमधून हिंडायचं, नळासाठी भांडणाऱ्या बायकांच्या मधे पडून आपलेच केस ओढून घ्यायचे, असं काम. नव्वदनंतर कधीतरी आमच्या मेहतासाहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, ‘बेन, आता तुम्ही कडियानाका सांभाळा.’

कडियानाका म्हणजे काय ते आधी सांगते, कारण माझ्या पुण्याच्या नणंदेला अजून ते बसस्टॉपचं नाव वाटतं. गुजरातीत कडिया म्हणजे गवंडी. एखाद्या मोठ्या चौकात सकाळी गवंडी, रंगारी आणि हाताखालची बिगारी माणसं येऊन उभी राहतात. ज्याला भिंत पाडायची असेल, गच्ची दुरुस्त करायची असेल, तो स्कूटरवरून येतो, माणूस बघतो, रोज म्हणजे दिवसाची मजुरी ठरवतो आणि घेऊन जातो. संध्याकाळी काम संपलं की ओळख संपली. आमचा नाका उधन्याच्या बाजूला. नवागाम, बमरोलीकडून खानदेशी मंडळी पायी यायची, पंचमहालातले आदिवासी यायचे, आणि कापडाचे लूम, म्हणजे माग, बंद असले की लूमवालेही खांद्यावर पंचा टाकून हजर.

पहिल्याच सकाळी माझे डोळे पांढरे झाले. एक सफारीतले शेठ आले, एका गड्याचा दंड दाबून पाहिला, तळवा उलटा करून पाहिला आणि म्हणाले, ‘दात दाखव.’ त्या माणसानं आ केला! अहो, बाजारात बैल बघतात तसं! मी तोंडाला पदर लावून बघतच राहिले. आसपास कुणाला काहीच वाटलं नाही. शेजारी घमेलं घेऊन उभी असलेली एक उंच बाई मात्र माझ्याकडे बघून खो खो हसायला लागली.

‘बाई, दात कसाले देखस, म्हाईत शे का?’ ती म्हणाली. ‘तमाकू खास का तेच देखस. तमाकूवाला घडीघडी बठस ना!’

ही मंगला. तंबाखू खाणारा सारखा बसतो, म्हणून शेठ आधी दात बघतो, हे नाक्याचं पहिलं ज्ञान मला तिनं दिलं. अहिराणीही तिनंच शिकवली म्हणायला हरकत नाही, कारण मास्तरांच्या घरात अहिराणीचा शब्द काढायची सोय नव्हती. मंगलाच्या नवऱ्याचा हात लूमच्या पट्ट्यात सापडला होता, तेव्हापासून तो घरी. एक लहान मुलगी, सोनी. घरात धाकटी जाऊ शोभा, तिचा नवरा बारडोलीकडे ऊस भरायला जायचा आणि मनात आलं तर घरी यायचा. थोडक्यात, त्या खोलीची चूल या दोन बायकांच्या घमेल्यावर पेटत होती. नाका होता म्हणून घर होतं.

नाक्यावर गिऱ्हाइकं तरी कसली कसली यायची! अठवा लाइन्सचे एक म्हातारे गृहस्थ दर थोड्या दिवसांनी गवंडी न्यायचे, दारापुढचा ओटा पाडून घ्यायचे आणि तसाच पुन्हा बांधून घ्यायचे. ‘घरात कुणी बोलायला नाही हो,’ असं त्यांनी एकदा मला सांगितलं. एक बाई फक्त ‘न बोलणारी मजूरण’ मागायच्या. आणि एकजण तर लग्नाची जान, म्हणजे वरात, घेऊन निघाला होता, माणसं कमी दिसत होती, म्हणून चांगल्या शर्टातले गडी मागायला आला. आमचे गडी वरातीत नाचले, पंगतीला बसले, वर रोजही घेऊन आले. मंगलानं त्यांची महिनाभर खेचली, ‘ओ व्याही, आज कोणाघर लगीन?’ म्हणून.

तर असं हे रोजचं नाटक रस्त्यावर चालायचं, आणि तो रस्ता रुंद व्हायचा होता. वाहतूक पोलीस काठी आपटत यायचे, गर्दी पांगायची, पुन्हा जमायची. एरवी अशा वेळी माणसांना हाकलतात. आमच्या खात्यानं तसं केलं नाही, याचा मला अजून अभिमान वाटतो. चौकापासून थोड्या अंतरावर या लोकांसाठी एक केंद्र बांधायचं ठरलं. वर पत्रा, प्यायला पाणी, बायकांसाठी संडास, पोरांना निजवायला एक खोली. आणि एक खिडकी, तिथे गिऱ्हाइकानं आपलं नाव-पत्ता सांगायचा, म्हणजे उद्या मजूर पडला-झडला तर विचारायचं कुणाला ते कळेल. मेहतासाहेबांनी हौसेनं मोझॅकची बाकं करून घेतली. कोपऱ्यात प्रथमोपचाराची खोली, तिच्यात लोखंडी खाट आणि हिरवा पडदा. आठवड्यातून एकदा नर्सबाई येणार. दारावर पिवळा बोर्ड, त्यावर लाल अक्षरं: श्रमिक कल्याण केंद्र.

उद्घाटन झालं, पेढे वाटले. आणि पोलिसांनी नाक्यावर दवंडी दिल्यासारखं सांगितलं की पुढल्या महिन्यापासून रस्त्यावर उभं राहायचं नाही, काम हवं असेल त्यानं केंद्रात जायचं.

केंद्रात काळं कुत्रं फिरकलं नाही.

मी रोज सकाळी खिडकी उघडून बसायची. पाण्याची टाकी भरलेली, बाकं चकचकीत, आणि समोर रस्त्यावर दोनशे-तीनशे माणसं उन्हात उभी! साहेब येऊन बघायचे आणि खट्टू होऊन म्हणायचे, ‘बेन, आ लोकोने सगवड जोईती ज नथी.’ या लोकांना सोय नकोच असते. शेवटी मी चप्पल घातली आणि नाक्यावर गेले.

‘मंगला, अगं येत का नाही तुम्ही? बसायला बाकं केलीत की!’

‘तेच तर!’ मंगला म्हणाली. ‘बाई, बठेल मानूसले कोन इचारस?’

मग तिनं मला नाक्याचा कायदा सांगितला. नाक्यावर जो उभा तो कामाला मोकळा. रोज ठरला की माणूस खाली टेकतो, शेठ स्कूटर वळवेपर्यंत. म्हणजे बसलेला माणूस एक तर ठरलेला, नाहीतर आजारी, नाहीतर आळशी. त्याच्याकडे गिऱ्हाईक ढुंकून बघत नाही. आणि आम्ही काय केलं होतं? सगळ्यांना बसवायची व्यवस्था! कपाळावर हात मारून घेतला मी. साहेबांना सांगितलं तर ते त्या मोझॅककडे असे बघायला लागले, की मलाच वाईट वाटलं.

मी जाहीर केलं, बाकांवर बसू नका, बाकांपुढे उभे राहा. त्यावर थोडे पुरुष यायला लागले. पण बिचकून. नर्सबाईनं एकाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळायला घेतला तर तो पंचमहालचा गडी पट्ट्यासकट पळाला. बायका तर एकही नाही. खिडकीतून मी एखादीला हाक मारून विचारायची, नाव काय, गाव कोणतं, मुलं किती? हे शेवटचं पोरांच्या खोलीसाठी. ‘मुलं किती’ म्हटलं की बाई पदर सावरून रस्त्याला लागलीच.

पुन्हा गेले नाक्यावर. महिना संपत आला होता, माझा जीव वरखाली होत होता.

‘मंगला, पुढल्या महिन्यात इथे कुणाला उभं राहू देणार नाहीत गं. मग काय करशील?’

‘तुम्हनं कल्याण तुम्हलेच ऱ्हाऊ द्या, बाई!’ ती म्हणाली, आणि सगळ्या बायका तोंडात पदर कोंबून हसल्या. काहीतरी चावट विनोद झाला एवढं कळलं, म्हणून मीही हसले. मंगला मात्र त्या दिवशी हसणं अर्ध्यात सोडून केंद्राच्या बोर्डाकडे बघत राहिली होती, ते मला नीट आठवतं.

नंतर ती नाक्यावर दिसेना. गावाला गेली, असं कळलं. असेल काही लग्नकार्य, असं समजून मी विषय सोडला.

आणि एके दुपारी शोभा आली. नाका रिकामा झालेला, केंद्रात मी एकटी, टेबलावर डबा उघडलेला. शोभा अंघोळ करून, केस चापून बांधून, ठेवणीतलं पातळ नेसून दारात उभी. चेहरा ओढलेला.

‘बाई, मी उपाशी उनू,’ ती म्हणाली. उपाशी आलेय.

घरात दाणा नसणार, मंगला गावाला, काम नाही. मी डब्यातली पोळी-भाजी तिच्यापुढे सरकवली. ती मागे सरली. ‘नही नही! कालपासीन पानी बी नही पिधं. पोट मोकळं जोयजे ना!’

‘कशाला गं मोकळं?’

ती सरळ आतल्या खोलीत गेली, चपला काढल्या, हिरवा पडदा बाजूला केला आणि खाटेवर आडवी झाली. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही मुठी आवळलेल्या. म्हणाली, ‘डॉक्टर कव्हय येई?’

‘कोण डॉक्टर? कशासाठी?’

‘मनं कल्याण करी टाका, बाई. मंग माले काम देशात ना?’

मला आधी कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा खाटेचा दांडा धरून उभी राहिले. बाई गं! लहानपणापासून तिनं हा शब्द एकाच ठिकाणी पाहिला होता: दवाखान्याच्या भिंतीवर, आरोग्याच्या गाडीवर, पिवळ्यावर लाल अक्षरांत, कुटुंब कल्याण. लोकांनी त्यातलं कुटुंब गाळलं आणि कल्याण ठेवलं. ‘तिनं कल्याण व्हई गयं’ म्हणजे तिचं मूल बंद करायचं ऑपरेशन झालं. तिच्या गावाकडे कुण्या मुकादमानं कधीकाळी म्हटलं होतं म्हणे, ऑपरेशनवाल्यांना आधी काम. आणि सुरतेत आम्ही तोच रंग, तोच शब्द, आत खाट, हिरवा पडदा, पांढऱ्या कपड्यातली नर्स, आणि खिडकीत ‘मुलं किती’ विचारणारी मी! वर पोलीस सांगतात, काम हवं तर कल्याण केंद्रात जा. याचा दुसरा अर्थ तिनं लावावा तरी कसा?

‘शोभा, ऊठ. ऊठ आधी! तुला मूल किती?’

‘एकबी नही.’

विशीची पोर. पदरी मूल नाही, आणि कामासाठी कायमचं मूल बंद करून घ्यायला उपाशीपोटी येऊन निजली होती. मी ओरडलेच तिच्यावर. रडले की ओरडले, दोन्ही एकदम झालं असेल. तिला वाटलं, मूल नाही म्हणून मी तिला परत पाठवतेय. ती घाईघाईनं म्हणाली, ‘दोन शेतस, बाई! दोन लिखा!’

तिच्या डोक्यात खरी गोष्ट शिरायला फार वेळ लागला. इथे कुणी कुणाला कापत नाही, हे छप्पर फक्त उभं राहायला आहे, शपथ घेते, सोनीची शपथ घेते. सोनीचं नाव निघालं तशी ती उठून बसली. मग हळूच म्हणाली, ‘मंग अक्का?’

अक्का म्हणजे मंगला.

‘अक्का गावले गई ना. तठे शिबिर शे. माले लेकरू नही म्हनीसन शिबिरवाला माले घेतस नही, म्हनून मी आठे उनू. अक्काले एक पोर शे. ती दोन सांगी देई.’

मंगलानं मला का विचारलं नसेल? तेही शोभानं सांगितलं. विचारायला जाणाऱ्याचंच नाव आधी लिहून घेतात, असं त्यांचं मत. म्हणून नाक्यावर चेष्टा केली, आणि घरी येऊन हिशेबानं ठरवलं. नाका जाणार, छपराखालीच काम मिळणार, मग उशीर कशाला? नवऱ्याला मुलगा हवा होता, त्यालाही न सांगता निघाली. स्वतःलाही हवाच असणार, सोनीला भाऊ पाहिजे म्हणायची.

मी शोभाचा हात धरून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर धावले. दोंडाईच्याजवळचं गाव, फोन फक्त एका किराणा दुकानात. नंबर शोभाच्या शेजारणीकडून मिळवला. लाइन लागेना, लागली तर खरखर. मी बूथमध्ये घसा फोडून सांगितलं, ‘सुरतेहून, कल्याण केंद्रातून बाई बोलतेय! मंगलाला सांगा, शिबिरात जाऊ नको म्हणावं! ऐकू येतंय का? शिबिर, नको! काम आहे, परत ये म्हणावं!’ पलीकडून दुकानदार म्हणाला, ‘हा हा, सांगी देतो, मंगलाले सांगी देतो.’ शिबिर चालू होतं, पण मंगला अजून तिथे गेली नव्हती, एवढं त्याच्याकडून कळलं. आम्ही दोघी बूथबाहेर येऊन फुटपाथवर टेकलो. शोभानं तिथे माझ्या डब्यातली पोळी खाल्ली, आणि मला वाटलं, थोडक्यात निभावलं.

तशीच साहेबांकडे गेले. साहेबांना घडाघडा सगळं सांगितलं, ऑपरेशन हा शब्द पुरुषासमोर पहिल्यांदा इतक्या मोठ्यानं उच्चारला. नियमावर बोट ठेवणारा माणूस, मला वाटलं, केंद्राचं नाव मंजूर झाल्याचा कागद काढून दाखवेल. साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मग म्हणाले, ‘बेन, चूनो मंगावो.’

दुसऱ्या सकाळी नाक्यावर जाऊन साहेबांनी स्वतः माणूस ठरवला. दंड न दाबता, दात न बघता. शोभाला. केंद्रातून बाईमाणसाला लागलेलं ते पहिलं काम. शोभा शिडीवर चढली आणि बायकांच्या डोळ्यांदेखत तिनं कुंचल्यानं कल्याण पुसलं. श्रमिक पुसलं, केंद्रही पुसलं. नवीन काय लिहायचं, साहेबांनी खालच्या गर्दीला विचारलं. कुणीतरी ओरडलं, ‘नाका लखो ने!’ तेवढंच लिहिलं. नाका. खाट उचलून नेली, पडदा उतरवून मी घरी फडकी केली. त्या दिवसापासून बायका आत यायला लागल्या. बाकांपुढे ओळीनं उभ्या, हातात घमेली, चेष्टामस्करी चालू. साहेब दुरून बघत होते, सारखे चष्मा पुसत होते. मी इतकी खूश, की घरी जाताना खव्याची सुरती घारी घेतली. पोरांसाठी म्हणून घेतली, अर्धी वाटेतच संपवली.

आठवडा गेला असेल. सकाळची वेळ, गर्दी भरलेली. शोभा एकदम ओरडली, ‘अक्का उनी!’

रस्त्याच्या पलीकडून मंगला येत होती. हातात घमेलं. झपाझप चालणारी बाई, पण त्या दिवशी पाऊल मोजून टाकत होती. एक हात पोटावर, पदराखाली. मी खिडकीतून बघितलं आणि तिथल्या तिथे कळलं. शोभाला कळलं. त्या बाकांपुढच्या प्रत्येक बाईला कळलं.

मंगला हसत हसत खिडकीशी आली. बोर्ड पाहिला नाही, पाहिला असता तरी तिला वाचता येत नव्हतं.

‘मनं व्हई गयं, बाई,’ ती म्हणाली. ‘मी तं चार दिवसनी जानार व्हतू. पन तुम्हना फोन उना ना! दुकानवाला बोलना, कल्याण केंद्रनी बाई बलावस, शिबिर, काम शे, लवकर ये. म्हनीसन लगेच उरकी लिधं.’

त्या खरखरीतून एवढंच पोचलं होतं. ‘नको’ तेवढं गळालं होतं.

काय सांगायचं होतं तिला? की गरज नव्हती? की कुणीच मागितलं नव्हतं? टाके ओले असताना रात्रभर पॅसेंजरमध्ये उभ्यानं आलेल्या बाईला? शोभा भिंतीकडे तोंड करून रडत होती. बायकांनी सरकून पुढची जागा मोकळी केली. मी खिडकी सोडून बाहेर आले, तिचं घमेलं काढून घ्यायला गेले, ते तिनं सोडलं नाही. तिचा दंड धरला, ताप होता. म्हटलं, ‘मंगला, आधी बस गं. त्या बाकावर बस जरा.’

तिनं माझ्याकडे बघितलं, त्या पहिल्या सकाळी बघितलं होतं तसंच, मला काही म्हणजे काही कळत नाही अशा मजेनं. एक स्कूटर आत वळत होती. मंगलानं पोटावरचा हात काढला, घमेलं कमरेशी घेतलं आणि ताठ झाली.

‘नही बाई,’ ती म्हणाली. ‘मी उभीच ऱ्हासू. बठेल मानूसले कोन इचारस?’